चरख्याच्या अटी आणि मनाचे औजार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

संयोजकांनी माझ्यासाठी मुक्रर केलेला विषय प्रथम ऐकताना थोडा परका वाटेल. मनःस्वास्थ्यासाठी मोबाइलवर चालणारी साधने तुटपुंज्या बळावर कशी उभी करावीत, असा तो विषय आहे. आपल्या शिबिरांतून जमीन, पाणी, वेतन, जात, स्त्रीमुक्ती या प्रश्नांची चर्चा होते. मनाचा प्रश्न बहुधा जेवणानंतरच्या गप्पांत निघतो, आणि तोही कुणी जीव दिल्याची बातमी आली म्हणजे. त्यामुळे या विषयाला आज व्यासपीठावर जागा मिळाली, याचे मी स्वागत करतो. मी डॉक्टर नाही, संगणकतज्ज्ञही नाही. या कामात एकदा हात पोळून घेतलेला कार्यकर्ता, एवढाच माझा अधिकार. तेव्हा हात कसा पोळला, तेच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाचसात जणांनी वर्गणी गोळा करून असे एक साधन तयार केले. दोन विद्यार्थी संगणकाचे जाणकार होते, बाकीचे आम्ही गावोगाव हिंडणारे. उदासीनता ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. ती २००१ साली प्रसिद्ध झाली. एका औषध कंपनीच्या पैशातून ती घडली असली तरी वापरण्यासाठी परवानगी लागत नाही, शुल्कही लागत नाही. ती आम्ही मराठीत करून मोबाइलवर बसवली. कार्यकर्तीने प्रश्न वाचायचे, उत्तराच्या खुणेवर बोट ठेवायचे, शेवटी फोन बेरीज करून सांगणार. आम्हाला मोठे समाधान वाटले.

एका गावी आमची एक कार्यकर्ती एका शेतमजूर बाईसमोर बसली. आठ प्रश्न झाले. नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्यासंबंधीचा असतो. बाईंनी शांतपणे सांगितले, "रोजच वाटतं." कार्यकर्तीने त्या खुणेवर बोट ठेवले आणि पडद्यावर अक्षरे उमटली, 'धन्यवाद. आपली माहिती जतन झाली आहे.'

पुढे काहीच नव्हते. कुणाला कळवायचे, जवळचा दवाखाना कोणता, आता काय बोलायचे, यांतले एकही वाक्य आम्ही त्या यंत्रात घातले नव्हते. प्रश्न विचारण्याची घाई आम्हाला होती, उत्तर ऐकण्याची तयारी मात्र केलेली नव्हती. ती कार्यकर्ती शहाणी. तिने फोन पिशवीत टाकला आणि रात्रभर त्या बाईंच्या घरी मुक्काम केला. पहाटेच्या एसटीने दोघी तालुक्याच्या रुग्णालयात गेल्या. त्या बाई आज हयात आहेत. त्याचे श्रेय आमच्या यंत्राला नाही.

गरज खोटी नाही

यावरून कुणी म्हणेल की मग हा उद्योग सोडूनच द्यावा. मला तसे वाटत नाही, कारण गरज अफाट आहे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे त्यात आढळले. निरनिराळ्या विकारांत उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. गडचिरोलीच्या किंवा धडगावच्या माणसाने तेथवर जायचे म्हणजे मजुरी बुडवून, उसने पैसे घेऊन जायचे.

कायद्याने हक्क दिलेला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. शासन चालवते किंवा ज्यांना पैसा पुरवते अशा सेवांतून मानसिक उपचार मिळण्याचा अधिकार त्याच्या अठराव्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम तर १९८२ चा. कागद आणि गाव यांमध्ये जे अंतर उरले आहे, ते मोबाइलने भरून काढावे ही कल्पना त्यातूनच पुढे आली. दहा ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने टेली-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर साध्या फोनवरूनही बोलता येते, मराठीतही बोलता येते. आपल्यापैकी किती जणांना हा क्रमांक ठाऊक होता, हात वर करा. (चारपाच हात वर झाले.) म्हणजे नवे साधन घडवण्याआधी जे आहे ते लोकांपर्यंत नेण्याचे कामही आपण केलेले नाही, हे आधी कबूल करू.

थोडक्यात ज्यांनी निभावले

तुटपुंज्या साधनांत हे काम उभे राहते का? राहते. झिंबाब्वेच्या हरारे शहरात डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ मध्ये एक प्रयोग सुरू केला. पैसा नाही, खोली नाही, परिचारिकांना वेळ नाही. तेव्हा वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या वयस्क आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेरच्या लाकडी बाकावर बसवले. समोरच्याने आपले दुःख सांगायचे, आजीने ऐकायचे, अनेक अडचणींतली एक निवडून तिच्यावर उपाय शोधायला मदत करायची. 'उदासीनता' हा पुस्तकी शब्द त्यांनी टाळला आणि लोकांच्या शोना भाषेतला 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार, हा शब्द घेतला. फोनचा उपयोग आठवण देण्यापुरता, धीराचे दोन शब्द पाठवण्यापुरता. २०१६ मध्ये या कामाच्या शास्त्रीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर उदासीनतेची लक्षणे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४९.९ टक्क्यांना होती, तर बाकावर बसलेल्यांत १३.७ टक्क्यांना.

आपल्या शेजारी गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून असेच काम केले. उदास माणसाचे करणे सुटत जाते. तो देवळात जात नाही, पारावर बसत नाही, जनावरांकडे पाहत नाही, आणि करणे सुटले की उदासी आणखी दाटते. ही साखळी एखाद्या लहान कामापासून उलटी फिरवायची, असा त्या उपचाराचा गाभा. तो देणारे समुपदेशक सामान्य शिक्षण झालेले होते. सहा ते आठ भेटींत तीव्र उदासीनतेच्या रुग्णांत सुधारणा होते, हे चाचणीने दाखवून दिले. पण समुपदेशकांना शिकवणार कोण? तज्ज्ञ थोडे, गावे लाखो. म्हणून पुढे मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यात हेच शिक्षण आशा कार्यकर्तींना हिंदीत, मोबाइलवरच्या चित्रफितींतून देण्याचा प्रयोग झाला. येथे फोन रुग्णाच्या हाती दिलेला नाही. रुग्णासमोर बाई बसली आहे आणि फोन त्या बाईची शिक्षिका झाला आहे.

महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणे घ्या. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने 'आत्मीयता' हा प्रकल्प चालवला. गावातलेच विश्वासाचे स्त्रीपुरुष निवडले, त्यांना ऐकण्याची कला शिकवली आणि मोबाइलवर छोटे चित्रपट दिले. दारू, बेकारी, घरातली मारहाण अशा विषयांवरचे ते चित्रपट गावकऱ्यांना दाखवायचे आणि त्यातून बोलणे सुरू करायचे. दुसरे उदाहरण अमरावती जिल्ह्यातील तीस गावांचे. तेथे 'विश्राम' या कार्यक्रमाच्या दीड वर्षात, उदासीनतेने ग्रस्त असून कुठेतरी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे घडले ते गावातल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलल्यामुळे.

या साऱ्या कामांतले सूत्र एकच आहे. माणूस पुढे आणि यंत्र त्याच्या पाठीशी.

भांडवलाने जे केले

आता दुसरी बाजू पाहू, जेथे पैशाला तोटा नव्हता. अमेरिकेत खाण्यासंबंधीच्या मनोविकारांसाठी एका राष्ट्रीय संस्थेचे मदतकेंद्र वीस वर्षांहून अधिक काळ फोनवर चालले होते. तेथील कर्मचाऱ्यांनी कामगार संघटना बांधली. २०२३ मध्ये, संघटनेला मान्यता मिळाली त्याच सुमारास, केंद्र बंद करण्याचा निर्णय त्यांना सांगण्यात आला. लोकांना मदतीसाठी उरणार होते ते एक संभाषणयंत्र. त्याने उपासमारीच्या विकाराने पीडित लोकांना वजन कमी करण्याचे, उष्मांक मोजण्याचे सल्ले दिल्याचे उघड झाले आणि मेअखेर ते यंत्रही मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी तेथील व्यापार आयोगाने मोबाइलवरून समुपदेशन विकणाऱ्या एका बड्या कंपनीला अठ्ठ्याहत्तर लाख डॉलर भरायला लावले, कारण तिने ग्राहकांची खाजगी माहिती जाहिरातीसाठी समाजमाध्यमांच्या कंपन्यांना पुरवली होती. फिनलंडमध्ये एका मानसोपचार कंपनीच्या संगणकातून हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्याचे २०२० साली उघड झाले. तज्ज्ञासमोर विश्वासाने काढलेले उद्गार उघड करण्याची धमकी देऊन चोराने रुग्णांकडे खंडणी मागितली.

फिनलंडसारख्या सुव्यवस्थित देशात असे घडते, तर तालुक्याच्या गावी कुणाच्या तरी जुन्या संगणकात ठेवलेल्या आपल्या नोंदींचे काय? आमच्या प्रयोगातही एका बाईंना धीर देणारा संदेश पाठवला गेला आणि तो त्यांच्या मुलाने वाचला. घरात फोन एकच, आणि तो मुलाच्या खिशात. त्यानंतर त्या बाई आमच्याशी बोलेनाशा झाल्या. चोर बाहेरूनच येतो असे नाही.

चरख्याच्या अटी

मित्रहो, मर्यादित साधनांसाठी यंत्र कसे असावे, हा प्रश्न या देशात नवा नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके असावे व साध्या झोपडीत चालावे. बाईला त्यावर सलग आठ तास फार श्रम न होता काम करता यावे. ते भारतात बनावे व त्याची किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये. ते वीस वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. बक्षीस हवे असेल तर संशोधकाने पेटंटचे हक्क संघाच्या स्वाधीन करावेत. ते बक्षीस कुणालाच मिळाले नाही. परंतु यंत्राला वापरणाऱ्याच्या आयुष्याच्या मापाने मोजण्याची जी दृष्टी त्या अटींत आहे, ती आपल्या उपयोगाची आहे. त्याच चालीवर मी काही अटी सुचवतो.

पहिली अट, साधन गावातल्या सर्वांत साध्या फोनवर आणि संपर्क नसतानाही उपयोगी पडावे. ज्याच्याकडे पडद्याचा फोन नाही त्याला फोन करून बोलता यावे. वाचता येत नाही त्याला ऐकता यावे.

दुसरी, भाषा. आमच्या प्रश्नावलीत 'आपणांस निराश वाटते काय?' असे वाक्य होते. त्यावर बहुतेक बाया नकारार्थी मान हलवत. त्याच बाया ओट्यावर बसल्या की 'कशात जीव रमत नाही', 'डोक्यात भुंगा फिरतो', 'काळीज धडधडतं' असे सांगत. प्रत्येक वाक्य दहा माणसांना वाचून दाखवावे आणि त्यांना काय समजले ते विचारावे. याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

तिसरी अट मी नवव्या प्रश्नाची अट म्हणतो. ज्या उत्तराची जबाबदारी घेण्याची तयारी नाही तो प्रश्न विचारू नये. जगणे नको असे उत्तर आले, तर त्या क्षणी कार्यकर्तीने काय बोलायचे, कुणाला फोन करायचा, कोण तिच्या मदतीला धावणार, हे नावांसह ठरलेले असले पाहिजे. तोवर साधन एकाही घरात नेऊ नये.

चौथी, नोंद कमीत कमी ठेवावी. नाव न लिहिता काम भागत असेल तर नाव लिहू नये. जी माहिती आपण गोळाच केली नाही, ती कुणी चोरू शकत नाही आणि आपल्यालाही विकता येत नाही.

पाचवी, दुरुस्तीचा पैसा आधी. देणगीदार यंत्र घडवायला पैसा देतो, चालवायला देत नाही. दोन वर्षांनी अनुदान संपते, फोनची व्यवस्था बदलते, साधन उघडेनासे होते आणि विश्वास टाकलेला माणूस तसाच राहतो. निदान पाच वर्षांच्या देखभालीचा विचार झाल्याशिवाय आरंभ करू नये. घडवलेली वस्तू सर्वांना मुक्त असावी, म्हणजे एकाने सोडली तरी दुसरा ती उचलू शकेल.

सहावी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची अट त्या आठ तास काम करणाऱ्या बाईची. २०२१ साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले, ते आपल्याला आठवत असेल. फोन कमी क्षमतेचा, ॲप इंग्रजीत आणि बिघडल्यास भुर्दंड सेविकेच्या माथी. आशांना तर आपण 'स्वयंसेविका' म्हणतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, आणि २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच राज्यात त्यांना मानधनासाठी संप करावा लागला. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, नाना प्रकारच्या नोंदी एवढे सारे तिच्या डोक्यावर असताना आता गावाचे दुःखही तिनेच फुकट ऐकावे, असे आपण म्हणणार काय? ऐकणे हे श्रम आहेत, आणि जड श्रम आहेत. त्याचे दाम ठरले पाहिजे. आणि तिचे ऐकून घेणाराही कुणी असला पाहिजे.

दोन आक्षेप

काल चर्चेत दोन आक्षेप निघाले. ते रास्त आहेत, म्हणून त्यांचा परामर्श घेतो.

पहिला असा की हे काम शासनाचे आहे. आपण वर्गणीतून ते करू लागलो तर शासनाला हात झटकायला आपणच मदत करू. याला माझे उत्तर असे, की आपले साधन शासनाला पर्याय म्हणून उभे करू नये. तालुक्याच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतो, औषधे मिळतात की नाही, याची नोंद ठेवणे हाही आपल्या साधनाचाच भाग असावा. अठराव्या कलमाचा हक्क मागायचा तर हातात पुरावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. कापूस बुडाला, सावकार दारात आहे, त्या माणसाला विकार कसला? त्याला श्वासाचे व्यायाम शिकवणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? होय, थट्टाच आहे. कर्जाला समुपदेशन हा उपाय नव्हे आणि मारकुट्या नवऱ्याला बायकोच्या मनःशांतीचे धडे हा उपाय नव्हे. अन्यायाला आजाराचे नाव देण्यात सत्तेची सोय असते, याचा विसर पडता कामा नये. पण म्हणून आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्याला अंथरुणातून उठवत नाही तो मोर्चालाही येत नाही. कर्जमाफी मिळाली तरी बँकेच्या रांगेत उभे राहण्याची उमेद ज्याची संपली, त्याला ती पोचत नाही. गरिबी मनाला पोखरते आणि पोखरलेले मन गरिबी वाढवते. या फेऱ्यात आपण एकाच बाजूने हात घालायचा, असा हट्ट कशासाठी? तीस घरी बसल्यावर वीस घरी एकाच सावकाराचा उल्लेख निघाला, तर तो प्रश्न समुपदेशनाचा राहत नाही, तो संघटनेच्या बैठकीत आला पाहिजे. कुणाचेही नाव न उच्चारता तो आणता येतो.

आरंभ वहीपासून

अमेरिकेतील जोसेफ वायझेनबाम या संगणकतज्ज्ञाने १९६६ साली समुपदेशकासारखे बोलणारे पहिले यंत्र जगापुढे मांडले. माणसाचेच वाक्य फिरवून प्रश्न करायचा, एवढीच त्याची करामत. ते तयार होताना पाहिलेली त्याची सचिव काही मिनिटे त्याच्याशी बोलली आणि मग तिने वायझेनबामलाच खोलीबाहेर जायला सांगितले, कारण तिला एकांत हवा होता. यंत्र घडवणारा हादरला, आणि यंत्राकडून काय करून घेऊ नये, हेच तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. आजची यंत्रे त्याहून कितीतरी सफाईने बोलतात. त्यांचा मोह आपल्याला पडणारच, कारण ती स्वस्त आहेत, थकत नाहीत आणि संप करत नाहीत. त्या सचिवबाईंना यंत्राची जादू हवी होती, असे मला वाटत नाही. आपले कुणी ऐकून घ्यावे, एवढीच ती गरज असावी. आपल्या वाड्यावस्त्यांवर ही गरज भागवणारी माणसे अजून आहेत. त्यांना शिकवणारे, आठवण देणारे, अडचणीच्या वेळी योग्य माणसाशी जोडून देणारे साधन आपल्याला हवे आहे.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. एक तालुका निवडा. दहा माणसे निवडा, ज्यांच्यापाशी लोक आपण होऊन रडतात अशी. पहिले सहा महिने ॲप नको. एक वही, १४४१६ हा क्रमांक, तालुक्याच्या डॉक्टरांचा वार आणि आठवड्यातून एकदा आपसांत बसणे, एवढ्यावर काम करा. सहा महिन्यांनी वहीतच दिसेल की आपण कुठे अडतो. काय बोलावे हे आठवत नाही, की पुन्हा भेटायचे राहून जाते, की रुग्णालयात पाठवलेला माणूस तेथे पोचतच नाही. जेथे अडतो तेवढ्यासाठीच यंत्र घडवा.

परवा त्या बाईंच्या गावी गेलो होतो. त्यांनी चहा केला, शेळ्या दाखवल्या. निघताना आमच्या कार्यकर्तीला त्यांनी विचारले, "त्या दिवशी फोनात काय लिवलं होतं गं?" ती म्हणाली, "काही नाही, धन्यवाद लिहिलं होतं." बाई हसल्या. मला मात्र हसता आले नाही. पुढच्या खेपेस नवव्या प्रश्नानंतर त्या पडद्यावर काय लिहिलेले असावे, हे या शिबिरातून जाण्यापूर्वी आपण मिळून ठरवू या.